काचबिंदूचं ऑपरेशन: ट्रॅब, नळी की स्टेंट? आणि त्यासाठी परदेशी जावं का?

उंबरठा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ५४. दोन्ही डोळ्यांत उघड्या कोनाचा काचबिंदू. आठ वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा कळला. डावा डोळा बरा आहे. उजव्यात मात्र तीन प्रकारचे थेंब घालूनही प्रेशर २३-२४ च्या खाली येत नाही. एसएलटी लेझर झालं, त्याचा परिणाम जेमतेम वर्षभर टिकला. गेल्या महिन्यातल्या फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा आवाका मोजतात ती) वरच्या अंगाचा काळा पट्टा मध्यबिंदूला येऊन टेकलाय. गंमत म्हणजे त्या डोळ्याने काही कमी दिसतंय असं मला एरवी जाणवतही नाही. कागद बघितला आणि पोटात गोळा आला. डॉक्टरांनी ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे ट्रॅब, सांगितली आहे, आणि फार दिवस लावू नका असंही.

थोरला भाऊ परदेशात असतो. त्याने तिकडे परस्पर चौकशी करून ठेवलीय. "इकडे आता कापाकापी करतच नाहीत, केसाएवढा स्टेंट घालतात, दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो. दोन आठवड्यांची रजा काढ आणि ये." डॉक्टरांना स्टेंटचं विचारलं तर म्हणाले, तुमच्या डोळ्याला तो पुरणार नाही. भाऊ म्हणतो, त्यांना येत नसेल म्हणून तसं सांगत असतील. आता मी दोघांच्या मधे.

ज्यांचं झालंय त्यांनी लिहा ना. तयारी काय केली, किती दिवस गेले, परदेशात कुणी करून घेतलंय का?

रानवारा

अजिबात घाबरू नका. माझ्या सासूबाईंचं झालं, वीस मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि म्हणाल्या, अगं भिंतीचा रंग किती स्वच्छ दिसतोय!

टिपकागद

@रानवारा, ते मोतीबिंदूचं असणार. दोन्हीत बिंदू आहे एवढंच साम्य.

रानवारा

अर्रर्र, खरंच की. आत्ता फाइल बघितली, मोतीबिंदूच. सॉरी उंबरठा. :)

कंदील

उंबरठाताई, मी डॉक्टर नाही. काचबिंदूच्या ओपीडीत फील्ड आणि ओसीटी (डोळ्यातल्या नसेचं स्कॅन) करतो, सोळा वर्षं झाली. खुर्चीच्या या बाजूने जे दिसतं ते सांगतो, निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

रानवाराच्या सासूबाईंचं उदाहरण चुकून आलं, पण बरं झालं आलं. काचबिंदूत गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. डोळ्यात सतत तयार होणारं पाणी बाहेर जायची वाट तुंबते, दाब वाढतो आणि मागची नस झिजते. ऑपरेशन दाब उतरवतं, बस. 'आता किती छान दिसतंय' हे वाक्य आमच्याकडे ऐकू येत नाही. उलट पहिले काही आठवडे आधीपेक्षा धूसरच दिसतं. हे आधी माहीत नसलं की माणूस हबकतो.

आता भावाचा स्टेंट. आयस्टेंटला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, हायड्रसला २०१८ साली. दोन्ही डोळ्याच्या स्वतःच्या गाळणीपलीकडे, मूळच्या नाल्यात पाणी सोडतात. तो नाला पुढे बारीक शिरांना मिळतो आणि त्या शिरांमध्येच ८ ते १० चा दाब असतो. म्हणजे प्रेशर त्याच्या खाली जायची सोयच नाही. प्रत्यक्षात ते पंधरा-सोळाच्या आसपास घुटमळतं. काचबिंदू सौम्य आहे, मोतीबिंदू काढायचाच आहे, तर त्याच बैठकीत स्टेंट टाकून एखादा थेंब सुटत असेल तर झकास. पण पट्टा मध्यबिंदूला टेकलाय त्या डोळ्याला डॉक्टर सहसा १२ च्या आसपास मागतात. तुमचे डॉक्टर काही लपवत नाहीयेत.

'नवं म्हणजे भारी' यावरही माझा फारसा विश्वास नाही. सायपास नावाचा असाच एक स्टेंट २०१६ साली मान्य झाला आणि २०१८ साली कंपनीने स्वतःच बाजारातून परत घेतला. पाच वर्षांच्या तपासणीत पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पेशी जास्त झडताना दिसल्या होत्या.

ट्रॅब १९६८ पासून चालू आहे. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीची एक झडप कापतात, तिच्या पोटात आरपार छोटं भोक पाडतात आणि झडप टाक्यांनी अंदाजाने बंद करतात. पाणी झिरपून वरच्या पातळ पापुद्र्याखाली जमतं. तो फुगवटा म्हणजे ब्लेब. आता शरीराच्या दृष्टीने ही जखम आहे, ते ती भरून काढायला बघणारच. नेमकं तेच आपल्याला नकोय. म्हणून मायटोमायसिन हे मुळात कॅन्सरवरचं औषध तिथे काही मिनिटं लावतात.

पैज खरी इथे लागते. फार भरलं तर भोक बंद, प्रेशर परत वर. फार कमी भरलं तर प्रेशर कोसळतं. ऑपरेशन तासाभराचं असतं; ब्लेब जमवणं, टाके वेळेवर सैल करणं, थेंब कमीजास्त करणं हे काम दोन-तीन महिन्यांचं. भावाला एवढंच विचारा, की दोन आठवड्यांनंतरचं काम कोण करणार?

नळीबद्दल रात्री लिहितो, पेशंट आलेत.

आडनिड

वा, कंदील. वाचनखूण साठवली.

पैलतीर

हा प्रश्न मला कुणी विचारायला सांगितला असता तर फार बरं झालं असतं.

माझा एक डोळा आधी दोनदा ऑपरेशन झालेला, त्यामुळे ट्रॅब बाद, नळी ठरली, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर काढायला आत कायमची बसवतात ती बारीक नळी. तिकडे नाव मोठं होतं, ओळख निघाली, गेलो. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल आजही तक्रार नाही. चौदाव्या दिवशी तपासून 'सगळं ठीक' म्हणाले आणि मी परत आलो. हातात अर्ध्या पानाचा कागद, तोही तिकडच्या भाषेत. जुने थेंब चालू ठेवा, एवढं इंग्रजीत सांगितलेलं.

बेअरवेल्ट नळी होती. तिला झडप नसते, म्हणून सुरुवातीला पाणी धो धो वाहू नये यासाठी विरघळणाऱ्या दोऱ्याने ती बांधून ठेवतात. दोरा साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटतो. तोवर नळी बंदच, म्हणून जुने थेंब चालू. ती उघडली की थेंब कमी करायचे, आणि नेमकं तेवढ्यावर कुणीतरी लक्ष ठेवायचं असतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठलो तर दाराची चौकट वाकडी. म्हणजे उभी रेघ पाण्यात हलावी तशी. डावा डोळा झाकून बघतोय, उजवा झाकून बघतोय. धावत इथल्या डॉक्टरांकडे. प्रेशर ३! नळी उघडलेली आणि मी इमानेइतबारे दिवसातून दोनदा प्रेशरचे थेंब घालतोय. डॉक्टरांनी विचारलं, नळी कुठली? दोरा कुठला बांधलाय? नळीत आतून काही घातलंय का? माझ्याकडे तो अर्धा कागद. तिकडे मेल केला, उत्तर चौथ्या दिवशी आलं, तेही फार सभ्य भाषेत.

डोळ्याच्या आत घट्ट जेल भरून प्रेशर सावरलं. दोन महिने गेले. आता तक्त्यावरची एक ओळ कमी वाचतो. इथल्या डॉक्टरांनी शब्दाने दोष दिला नाही, मलाच लाज वाटत होती.

टिपकागद

बापरे. चौकट वाकडी दिसणं म्हणजे प्रेशर कमी झाल्याचं लक्षण, हे पहिल्यांदा वाचलं.

कंदील

@टिपकागद, प्रेशर फारच उतरलं की मागच्या पडद्याला सुरकुत्या पडतात, म्हणून सरळ रेषा वाकड्या. तरुण आणि जास्त मायनस नंबरवाल्यांत ही शक्यता अधिक.

@पैलतीर, लिहिल्याबद्दल आभार. असं लिहायला जिगर लागते.

राहिलेलं लिहितो. अहमद नळीला आत झडप असते, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून चालते, पण तिच्यात पहिल्या-दुसऱ्या महिन्यात प्रेशर पुन्हा चढायचा एक टप्पा येतो. पुष्कळांना तेव्हा वाटतं ऑपरेशन फसलं. बऱ्याचदा थेंब घालून तो काळ निघून जातो. म्हणजे नळी कुठलीही घ्या, खरी कसोटी चौथ्या ते आठव्या आठवड्यात.

ट्रॅब चांगलं की नळी, यावर अमेरिकेत मोठी तुलना झालीय. आधी ऑपरेशन झालेल्या २१२ डोळ्यांत पाच वर्षांअखेर नळी साधारण ३० टक्के जणांत फसली, ट्रॅब ४७ टक्के जणांत. हा आकडा घेऊन लोक ओपीडीत येतात आणि मला नळीच हवी म्हणतात. पण ते डोळे आधीच हात लागलेले होते. पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्यांची वेगळी पाहणी झाली, त्यात पाच वर्षांनी फसण्यात म्हणावा असा फरक उरला नाही, आणि ट्रॅबवाल्यांना थेंब कमी लागले. उंबरठाताई, तुम्ही या दुसऱ्या गटात.

सांजवेळ

थोडं अवांतर, पण माझा बंद कोनाचा काचबिंदू आहे (कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा), त्याची वाट निराळी असते. आधी लेझरने बुबुळाला बारीक भोक, मग पुढे नुसतं भिंग काढून कृत्रिम बसवलं, मोतीबिंदू नसतानाही. जागा मोकळी झाली, कोन उघडला, प्रेशर उतरलं. तेव्हा धागा वाचणाऱ्यांनी आपला कोन उघडा की बंद हे आधी विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्याचंच ऑपरेशन मागत बसाल.

आडनिड

परदेशाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझं ट्रॅब परदेशात झालं आणि छान झालं. पण मुलीकडे तीन महिने राहायलाच गेलो होतो. पहिल्या दिवशी, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असं करत अकरा फेऱ्या झाल्या. मी मोजल्यात, कारण प्रत्येक वेळी मुलीला सुट्टी घ्यावी लागली. दोन टाके लेझरने तोडले, एकदा ब्लेबच्या शेजारी इंजेक्शन. हे सगळं ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याच हाताने.

तेव्हा मुद्दा देशाचा नाही. तिथे राहता येणार असेल तर जावं. जवळपास हे काम करणारा कुणी नसेल, लहान मुलाचा काचबिंदू असेल, एकच डोळा उरलेला असेल, तर जावंच. दोन आठवड्यांच्या रजेत बसवायला जाऊ नये. आणि प्रवासाचा नेहमीचा विमा आधीच ठरवलेल्या उपचाराला सहसा लागू होत नाही, नंतरच्या गुंतागुंतीलाही नाही. ते कागद नीट वाचा. पुन्हा टेबलावर जावं लागलं तर तो खर्च कुणाचा, हे लेखी घ्या.

कंदील

आडनिड यांना शंभर टक्के अनुमोदन. जाणाऱ्यांनी काय न्यावं ते सांगतो. फील्ड टेस्ट फक्त शेवटची नाही, पहिल्यापासूनच्या सगळ्या. आम्हाला वेग बघायचा असतो, एका फोटोवरून गाडी किती जोरात चाललीय ते कळत नाही. उपचाराआधीचं सगळ्यात जास्त प्रेशर किती होतं, पारपटलाची जाडी, कोन तपासल्याची नोंद. थेंबांची यादी औषधाच्या मूळ नावाने करा, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. बाटल्या हातातल्या पिशवीत ठेवा.

येताना त्याहून महत्त्वाचं: ऑपरेशनची पूर्ण नोंद. मायटोमायसिन किती तीव्रतेचं, किती वेळ. टाके किती, त्यातले ओढून काढायचे कुठले. नळी असेल तर मॉडेल, नंबर आणि ती बांधलीय की नाही. आणि परतल्यावर बघणारा डॉक्टर जायच्या आधीच 'हो' म्हणालेला असावा. दुसऱ्याने केलेल्या ताज्या ट्रॅबला हात लावायला अनेक जण नाखूश असतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

उंबरठा

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. धागा भावाला पाठवला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. मग फोन करून म्हणाला, तू येऊ नकोस, मीच येतो. तीन आठवडे. थेंब घालायला.

तारीख ठरली, पुढच्या महिन्यात. आता तयारीचं सांगा.

कंदील

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, आणि लपवूही नका. डोळ्याचे आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील. बरीच वर्षं थेंब घातलेला डोळा लालसर, चिडलेला असतो, त्यात थेंबांमधल्या टिकाऊपणाच्या औषधाचाही वाटा असतो. चिडलेल्या डोळ्यात ब्लेब लवकर भरून येतो. म्हणून काही डॉक्टर आधीचे काही आठवडे थेंब बदलतात किंवा सौम्य स्टिरॉइड देतात. तुम्हाला सांगितलं नसेल तर विचारा. पापण्यांच्या कडांना कोंडा असेल तर तोही आधी साफ. आणि ऑपरेशनपर्यंत प्रेशर आटोक्यात ठेवायला डायमॉक्सच्या गोळ्या दिल्या तर बोटांना मुंग्या येतील, लघवीला सारखं जावं लागेल, घाबरू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र गोळी घ्यायच्या आधी सांगा.

सांजवेळ

आणि डोकं खाली न करता जमणाऱ्या कामांची सवय लावा. केस मागे टेकून धुऊन घेणं, चपला न वाकता घालणं. मला वाकू नका म्हटल्यावर पहिल्या तासात चार वेळा वाकले होते.

उंबरठा

धागा वर काढतेय. आज ऑपरेशनला सात आठवडे झाले.

पहिला आठवडा वाईट. डोळ्यापुढे दुधाचा पडदा, हाताची बोटं मोजता येत होती इतकंच. कंदील यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून रडू आलं नाही, एरवी नक्की आलं असतं. स्टिरॉइडचे थेंब दर दोन तासांनी, जागेपणी. बाटली आधी हलवायची असते, औषध तळाशी बसतं; भाऊ ती इतकी हलवायचा की वाटायचं हातातून सुटून डोक्यात बसणार. रात्री पारदर्शक शील्ड, चिकटपट्टीने कपाळ सोलवटलं.

एक घोळ केला, तो सांगते. कागदावर 'जुने थेंब बंद' लिहिलं होतं. ते उजव्या डोळ्यापुरतं. मी डाव्याचेही चार दिवस बंद ठेवले, वर डायमॉक्सही थांबलेली. तपासायला गेले तर डाव्याचं प्रेशर २५. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तेव्हा ज्यांचं व्हायचंय त्यांनी दोन डोळ्यांचे दोन वेगळे कागद करा.

सोळाव्या दिवशी उजव्याचं प्रेशर ६ वरून १९ झालं होतं. टाका तोडायचा ठरला. यंत्रासमोर बसवलं, डोळ्यावर छोटं भिंग टेकवलं, म्हणाले खाली पायांकडे बघा. एक बारीक टिक, टाचणी टेकवल्यासारखं, झालं. मग पापणीवरून बोटाने हलकेच दाबलं आणि पुन्हा मोजलं: ११. बाहेर आले तेव्हा भाऊ बाकड्यावर दिवस मोजत होता. म्हणाला, माझ्या हिशोबाने तू परवाच विमानात बसली असतीस.

सध्या प्रेशर १२, उजव्यात प्रेशरचा एकही थेंब नाही. स्टिरॉइड दिवसातून चारदा, अजून महिनाभर हळूहळू कमी करत नेणार. दोन ओळी अजून धूसर आहेत, चष्मा तिसऱ्या महिन्यानंतर. आरशात पापणी उचलली तर ब्लेब दिसतो, काचेवर थबकलेल्या पाण्याच्या थेंबासारखा. तो चोळायचा नाही, पोहायचं नाही, आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला किंवा नजर मंदावली तर त्याच दिवशी जायचं. दहा वर्षांनीसुद्धा.

पैलतीर

मनापासून आनंद झाला.

कंदील

मस्त! ते शेवटचं वाक्य मी पेशंटच्या फाइलवर लाल शाईने लिहितो. ब्लेबचा पापुद्रा पातळ असतो, जंतू आत शिरले तर एका दिवसात डोळा जाऊ शकतो. आणि बोटाने दाबणं डॉक्टरांनी शिकवलं असेल तरच करा, यूट्यूबवर बघून नको.

टिपकागद

भावाला परत जायला विमानाने काही अडचण नाही, पण ऑपरेशन झालेल्यांना विमान चालतं का?

कंदील

ट्रॅब किंवा नळीनंतर हवेच्या दाबाने तसा धोका नाही. डोळ्यात गॅस भरला असेल तर मात्र अजिबात नाही, वर गेल्यावर तो फुगतो आणि प्रेशर भयंकर चढतं. हे जास्त करून पडद्याच्या ऑपरेशनात, पण कधीकधी आपल्याकडेही गॅस वापरतात. भरलाय का, विचारूनच तिकीट काढा.

झुळूक

काकू, माझ्या आईचं पुढच्या आठवड्यात आहे. ती फक्त एकच विचारतेय, दुखतं का?

उंबरठा

आईला सांग, डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देतात तेवढा एक चावा, दहापर्यंत मोजलं की संपतो. मग तोंडावर कापड, त्याखाली हवा सोडलेली असते, गुदमरत नाही. दिवे आणि हलणाऱ्या सावल्या दिसतात, आणि सगळं ऐकू येतं. माझ्या वेळी डॉक्टर म्हणाले "वेळ लावा" आणि नर्स मोठ्याने मिनिटं सांगत होती, ते मायटोमायसिन. मीही मनात मोजत होते, माझी दोन मिनिटं तिच्या आधीच झाली.

दुखलं ते दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना. भुवईचे केस चिकटपट्टीला लागले होते. तेवढं तिथल्या सिस्टरना आधीच सांगून ठेव.